कडेचा पोचा

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबांचं सोन्याचं घड्याळ सर्व्हिसिंगला दिलंय. आतलं तेल सुकलंय, त्यामुळे साफसफाई हवीच. पण कारागीर विचारतो, बाहेरचं कवच घासून पॉलिश करू का, डायल नवी घालू का? अगदी शोरूममधून आणल्यासारखं दिसेल म्हणे. आई म्हणाली होती, घड्याळ दोघांचं, एकमेकांना विचारून काय ते करा. तेव्हा तू म्हणशील तसं. तुझ्या शब्दाबाहेर मी कधी गेलोय? (तुझी सायकल न विचारता रंगवली, ती सोडून!)

लोभ आहेच, थोडा वाढव.
तुझा धाकटा

८ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

विचारलंस, किती बरं वाटलं सांगू! ह्यांनाही पत्र वाचायला लावलं. म्हटलं, बघा, भाऊ असावा तर असा.

आतलं सगळं साफ करून घे. बाहेर मात्र हात लावू देऊ नकोस. डायल पिवळी पडलीय, पडू दे. कडेला पोचा आहे ना, तो मी सहा वर्षांची असताना जिन्यावरून गडगडले तेव्हाचा. बाबांनी एका हाताने मला धरलं नि त्यांचा घड्याळाचा हात कठड्यावर आपटला. मनगट टम्म सुजलं, तरी हसत म्हणाले, पोरगी वाचली, ही खूण राहू दे. शेवटपर्यंत त्यांनी तो काढू दिला नाही. त्यांचं माझ्यापाशी दुसरं काहीच नाही रे. लिहिता लिहिता रडले, वेडीच मी.

जपून राहा, जीव आहे तुझ्यावर.
ताई

२१ मार्च

ती. ताईस,
नमस्कार.

घड्याळ पाठवतोय, पण बघून रागावू नकोस. तुझं पत्र मी कारागिराला वाचून दाखवलं होतं. तरी त्या दीडशहाण्याने परस्पर सगळं घासून गुळगुळीत केलं, डायलही बदलली. मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. आता काय करणार? दिसतंय मात्र झकास.

माया कमी करू नकोस.
धाकटा

२ एप्रिल

धाकट्या,

डबीवर कारागिराचा पत्ता होता. तुझ्यावर विश्वास ठेवून मी त्या म्हाताऱ्या माणसाला नाही नाही ते लिहिलं. त्याने मंजुरीच्या कागदाची नक्कल आणि सोबत दोन ओळींची चिठ्ठी पाठवली. पॉलिश, नवी डायल, सगळ्याला होकार. खाली तुझी सही, तारीख २२ फेब्रुवारी. काम पूर्ण, १ मार्च. पोचा जुना दिसतो, राहू द्या, असं त्याने तुला दोनदा सुचवलं होतं, असं चिठ्ठीत आहे.

म्हणजे मला विचारलंस तेव्हा पोचा केव्हाच गेला होता. नवंकोरं हवं होतं, तर सरळ सांगायचंस. मी भांडले असते, चार दिवस बोलले नसते, झालं. पण तू माझ्याकडून सगळं लिहवून घेतलंस आणि गप्प बसून वाचलंस. लाज कशी नाही वाटली रे?

कारागिराची माफी मागितलीय. घड्याळ परत पाठवतेय, तूच घाल. आणि यापुढे मला काही विचारत जाऊ नकोस. करून झालं की नुसतं कळव.

ताई