वळसंगला गेलेली बाटली

१७ नोव्हेंबर १९७७, गुरुवार
सकाळी बाकावर अकरा पेशंट आणि मी एकच बाटली हातात धरून उभा. लेबल वाचलं, ठेवली. परत उचलली, परत वाचलं. डॉक्टर आतून डोकावले. "वीरप्पा, त्या बाटलीशी काय बोलणं चाललंय?" बाकावरचे हसले. मीही हसलो. बावीस वर्षं या खिडकीत कंपाउंडर आहे, असं कधी झालं नव्हतं.
घरी येताना चौकातून माघारी गेलो. औषधाच्या कपाटाला कुलूप लावलं की नाही. लावलेलं होतं. परत निघालो, परत वाटलं.
महानंदाने विचारलं, "एवढा उशीर?" म्हटलं, गर्दी होती. बायकोशीसुद्धा खोटं बोलायची सवय लागली.

१९ नोव्हें., शनि.
लिहूनच टाकतो. वही माझ्याशिवाय कोणी उघडत नाही.
दिवाळीच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. एकाच सकाळी दोन गंगूबाई आल्या. एक आमच्या पेठेतल्या, यंत्रमागवाल्यांच्या सासूबाई, त्यांना झोपेचं मिक्श्चर. दुसऱ्या वळसंगच्या धनगराघरच्या, त्यांना खोकल्याचं. दोन्ही मिक्श्चर लालसर. दोन्ही बाटल्या मी भरल्या, खुणांच्या पट्ट्या चिकटवल्या, नावं पुकारली.
तिसऱ्या दिवशी पेठेतल्या गंगूबाई आल्या. "औषध बदललं का हो? आधीचं कडू होतं, हे गोड लागतंय." बाटली नाकाशी धरली, खोकल्याचं मिक्श्चर. त्यांना गुपचूप दुसरी भरून दिली. म्हणजे झोपेचं वळसंगला गेलं. दिवसातून तीन वेळा, चमचा चमचा. म्हातारी साठीच्या पुढची.
डॉ.ना सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू. आता दोन आठवडे झाले. आता सांगायचं म्हणजे...

२० नोव्हें., रवि.
दवाखाना बंद. सिद्धेश्वराला गेलो. तळ्याकाठी बसलो, डोळे मिटले, नमः शिवाय सुरू केलं. दहा-बारा वेळा नीट झालं असेल, मग मंत्र तोंडात आणि मन वळसंगच्या एसटीत. म्हातारी उठली नसेल. लोक म्हणाले असतील, वय झालं. त्यांना कळलंही नसेल. मी मंत्र जोरात म्हणायला लागलो तेव्हा शेजारचे गृहस्थ जरा सरकून बसले.

२३ नोव्हें., बुध.
अक्का आली. अक्कलकोटच्या पलीकडच्या गावी असते, थोरली बहीण, माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. डोळ्याचं दाखवायला आलीय, महिनाभर राहील म्हणते. येताना कडक भाकरी, शेंगाचटणी, आणि घरात शिरल्यापासून कानडी-मराठीचा पट्टा. महानंदाला बरं वाटलं. घरात कोणीतरी बोलतंय.

२४ नोव्हें., गुरु.
सकाळी अंघोळ करून नेहमीची पूजा केली. गळ्यातल्या चांदीच्या करंड्यातलं इष्टलिंग काढलं, तळहातावर ठेवलं, पाणी, भस्म, बेलाचं पान, नमस्कार, परत करंड्यात. अक्का दारात बसून बघत होती.
"झालं?"
"झालं की."
"पत्र टाकलास व्हय रे पेटीत? आत गेलं की नाही तेसुद्धा बघितलं नाहीस."
ती स्वतः तासभर बसते. लहानपणापासून बघतोय. डावा हात छातीसमोर, तळहातावर लिंग, नजर त्याच्यावर. आई असतानाही तशीच बसायची. मला वाटायचं बायकांना वेळ असतो.

२५ नोव्हें., शुक्र.
अक्काने पहाटे उठवलं. तिच्याजवळ पाट मांडून दिला. समई मागे ठेवली, म्हणजे उजेड खांद्यावरून लिंगावर पडतो आणि त्याच्या काळ्या लेपावर, कंथीवर, एक बारीक ठिपका चमकतो. म्हणाली, त्या ठिपक्याकडे बघ.
"मंत्र किती वेळा म्हणू?"
"मोजू नको."
"मन पळालं तर?"
"परत ये."
"सारखं पळालं तर?"
"सुम्म कुंद्रु," म्हणाली. गप बस. लहान असताना जेवताना म्हणायची तसं.
बसलो. डावा हात दुखायला लागला. डोळ्यांत पाणी. ठिपक्याच्या जागी बाटलीचं बूच दिसायला लागलं. पाच मिनिटं झाली असतील, मला वाटलं अर्धा तास.

२८ नोव्हें., सोम.
आज काहीतरी झालं. ठिपका नुसता ठिपका राहिला. तीन श्वास, फार तर चार. रस्त्यावरून दूधवाल्याची सायकल गेली ती ऐकू आली आणि त्यावर पुढे काही विचार आला नाही. मग लगेच आलाच, की बघ, आता जमलं! आणि गेलं.
अक्काला सांगितलं. ती म्हणाली, "भाजी कुठली आणतोस?"
दवाखान्यात लेबलं दोनदाच वाचली. पाच वेळा नाही.

३० नोव्हें., बुध.
बरं चाललंय. पोळी चावून खाल्ली असं महानंदा म्हणाली. कालपर्यंत गिळत होतो म्हणे.

२ डिसेंबर, शुक्र.
वळसंगचा एक माणूस आला, पाय मुरगळलेला. केसपेपरवर गाव वाचलं. पट्टी बांधताना विचारायचं होतं, तुमच्याकडच्या गंगूबाई कशा आहेत. धनगराच्या. दोनदा तोंड उघडलं. शेवटी विचारलं, "पाऊस कसा झाला यंदा तुमच्याकडं?"
संध्याकाळी परत कुलूप बघायला गेलो. चार वेळा.

३ डिसें., शनि.
पहाटे बसलो. लिंगावरचं पान दोनदा घसरलं. अक्का डोळे न उघडता म्हणाली, "पान राहू दे खाली."

४ डिसें., रवि.
अक्काला सगळं सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. महानंदा आत होती, तिलाही ऐकू गेलं असणार, भांड्यांचा आवाज थांबला.
म्हटलं, "म्हणून बसतो तुझ्याजवळ. मन थांबावं म्हणून."
"थांबवायला बसलास होय. मला वाटलं बघायला बसलास." सूप खाली ठेवलं तिने. "तुझं मन कुठं जातंय रोज?"
"वळसंगला."
"मग जाऊ दे की. तूही जा त्याच्यासंगं. एकट्याला का पाठवतोस?"
"आणि म्हातारी नसली तर?"
 तिने सूप परत घेतलं.
महानंदा बाहेर आली, चहा दिला. "उद्या डॉक्टरांना आधी सांगा," एवढंच. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

५ डिसें., सोम.
सांगितलं. शेवटचा पेशंट गेल्यावर, उभ्यानेच. डॉ.नी चष्मा काढला. केसपेपर शोधायला सांगितला. माझ्याच हाताने शोधला, पहिल्याच गठ्ठ्यात होता.
म्हणाले, "या डोसने जीव जायचं कारण नाही. पण म्हातारं माणूस, तोल जाणार. पडायची भीती." त्यांनी केसपेपर मिटला. मग, "चुका होतात. माझ्या हातूनही झाल्यात. पण महिनाभर तू रोज माझ्यासमोर उभा होतास, वीरप्पा."
उद्यापासून औषधाला हात लावायचा नाही. नावं लिहायची, बाकावरची माणसं आत सोडायची. बाटल्या डॉ. स्वतः भरतील. आणि परवा वळसंगला जायचं.
कपाटाची किल्ली दिली त्यांच्या हातात. आज घरी येताना माघारी फिरलो नाही. फिरून करणार काय.

७ डिसें., बुध.
वळसंग. सकाळच्या एसटीने गेलो. घर विचारत गेलो, गावाबाहेर मेंढ्यांचा वाडा, कुत्री अंगावर आली.
गंगूबाई जिवंत आहेत. अंगणात उन्हाला बसल्या होत्या. मी मटकन खाली बसलो. त्यांना वाटलं चालून दमलो, पाणी दिलं. डाव्या हाताने.
उजवं मनगट वाकडं. औषध सुरू केल्याच्या चौथ्या दिवशी वाड्यात पडल्या. गावातल्या हाड बसवणाऱ्याने बांधलं, तसंच जुळलं.
मला ओळखलं त्यांनी. "तुमीच की औषध देणारं! लई ग्वाड झोप लागली बगा. आमचं म्हातारं श्रावणात गेलं, तवापास्नं डोळ्याला डोळा न्हवता. बाटली संपली. अजून दिता का?"
सांगितलं. ते औषध तुमचं नव्हतं. माझी चूक. त्यामुळेच पडलात.
त्यांनी वाकडं मनगट मांडीवर घेतलं. म्हणाल्या, "मंजी ती झोपबी दुसऱ्याचीच व्हय?"
तेवढ्यात मुलगा आला, सिदराम, खांद्यावर घोंगडं. त्यालाही सांगितलं. त्याने आवाज चढवला नाही. "आन् आज आलाव? महिना झाला की. आई मेली असती तर आला असता का?"
मी म्हटलं, "माहीत नाही."
"आता जावा," म्हणाला. "एसटी हाय बाराची."
डॉ.नी तपासायला बोलावलंय, एवढं सांगून निघालो. गंगूबाई मागून म्हणाल्या, "च्या तरी." सिदरामने त्यांच्याकडे बघितलं. 

८ डिसें., गुरु.
पहाटे बसलो. मन पळालं नाही. जड होतं, दगडासारखं एका जागी. याला शांत म्हणायचं का? अक्काला विचारलं नाही.

१४ डिसें., बुध.
सिदराम आईला घेऊन आला. मला वाटलं नव्हतं येईल. डॉ. उठून उभे राहिले, बाकावरच्या सगळ्यांसमोर म्हणाले, "चूक माझ्या दवाखान्यात झाली." मी नोंदवहीवर मान घालून बसलेलो. सिदरामने मान हलवली, पण बसला नाही, उभाच राहिला.
मनगटाचा फोटो काढून आणला. हाड वाकडं जुळलंय. सरळ करायचं तर परत मोडून बसवावं लागेल, या वयात खात्री नाही. सिदराम म्हणाला, भावकीला विचारून सांगतो.
ते आत बोलत असताना गंगूबाई बाकावर, माझ्यासमोर. खोकत होत्या. विचारलं, हात फार दुखतो का.
"दुखत न्हाय. पर चाती फिरत न्हाय." बोटांनी टकळीवर लोकर पिळल्यासारखं करून दाखवलं, मनगट अर्ध्यावर अडकलं. "म्हातारं गेल्यावर डोस्क्यात लई कालवा. मग लोकर घिऊन बसायची. चाती फिरली की डोस्कं गप. बिरोबाचं नाव घ्येयाचं आन् सूत काढायचं. आता काय करू, सांगा की."
मी रोज पहाटे डावा हात धरून बसतो. माझा हात शाबूत आहे.


१५ डिसें., गुरु.
पूजेला बसलो नाही. अक्काने दोनदा हाक मारली. म्हटलं, कुठल्या तोंडाने. ती म्हणाली, "तोंडाचं काम नाही त्यात. हात पुढं कर." मी ऐकलं नाही. ती एकटीच बसली.

१६ डिसें., शुक्र.
बसलो. आज काहीही मागितलं नाही. मन शांत कर, असंही नाही. ठिपक्याकडे बघत होतो, मध्येच गंगूबाईंचं मनगट दिसलं. हाकललं नाही. बघितलं. मग परत ठिपका. असंच येणं-जाणं. उठलो तेव्हा ऊन उंबऱ्यापर्यंत आलं होतं आणि महानंदा चहा घेऊन कधीची उभी होती.

२० डिसें., मंगळ.
अक्का गेली. स्टँडवर सोडायला गेलो. खिडकीतून म्हणाली, "वळसंगला परत जाणार की नाही?" म्हटलं, तो मुलगा हाकलून देईल. म्हणाली, "मग हाकलून घे की. एकदाच हाकललंय त्यानं." एसटी सुटली. डोळ्यांचं औषध घरीच विसरून गेली. पोस्टाने पाठवतो.

२५ डिसें., रवि.
वळसंगला गेलो. डॉ.नी दिलेलं खोकल्याचं औषध घेऊन, लेबल त्यांच्या अक्षरातलं.
सिदराम मेंढ्या घेऊन रानात. गंगूबाई अंगणात डाव्या हाताने चाती फिरवत होत्या. सूत कुठे दोरीसारखं, कुठे तुटायला आलेलं. म्हणाल्या, "बगा, पोरीसारखं शिकतीया." मी लोकर पिंजून द्यायला बसलो. जमत नव्हतं, त्या हसल्या.  चाती घरघरत होती, पडत होती, त्या उचलत होत्या. तासभर गेला असेल. त्या ओठांत नाव घेत होत्या, मीही घेत होतो. वेगवेगळी.
निघताना म्हणाल्या, "सिदाला सांगू का, तुमी आलता?"
म्हटलं, सांगा.

१ जानेवारी १९७८, रवि.
परत गेलो. सिदराम घरी होता. बस म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. हाताचं भावकीत ठरत नाहीये. गंगूबाई म्हणतात, परत मोडायला नको. तो म्हणतो, मोडून बघू. माझ्या देखत दोघांची वादावादी झाली. मी लोकर पिंजत राहिलो.

५ जाने., गुरु.
डॉ. सकाळी म्हणाले, आजपासून खिडकीत बस, मी समोर आहे. किल्ली टेबलावर ठेवली. म्हटलं, अजून आठ दिवस द्या. "का, भीती वाटते?" वाटते म्हटलं. "मग बस," म्हणाले.
बसलो. पहिले सहा पेशंट. लेबल एकदा वाचत होतो, बाटली भरून परत एकदा. दोनच वेळा. 
साडेअकराच्या सुमाराला सिदराम दारात. वाटलं हाताचं सांगायला आला. पण बायकोला बरोबर घेऊन आला होता, तिला चार दिवस ताप, खोकला. डॉ.नी तपासलं, कागद माझ्याकडे सरकवला. सिदरामने मला खिडकीत बघितलं. मग डॉ.कडे. 
मी मिक्श्चर भरलं. तो काचेला नाक लावावं इतक्या जवळ उभा. बूच लावलं, पट्टी चिकटवली, पुढे केली.
"कुणाचं नाव हाय त्येच्यावर, वाचा," म्हणाला. वाचलं. "काय हाय त्यात?" सांगितलं. "कवा घ्यायचं?" सांगितलं. "परत वाचा." परत वाचलं. मागे लोक चुळबुळ करायला लागले. त्याने बाटली घेतली, उजेडाकडे धरली, बूच काढून वास घेतला, बूच परत लावलं.
पिशवी होती त्याच्याजवळ, पण बाटली हातातच धरून तो रस्ता ओलांडून गेला. बायको मागोमाग. मी पुढचं नाव पुकारलं.