सुई निघाल्यापासून एकवीस तासांनी

मी, वय वर्षे सदुसष्ट, धंदा वजनकाटे दुरुस्तीचा, कोणाच्या दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शुद्धीवर असल्याचे सगळेच लिहितात. मला ते सिद्ध करावे लागणार आहे. काल मंगळवारी दुपारी एक वाजता डायलिसिस संपून माझ्या हातातली सुई निघाली. आज बुधवार, सकाळचे दहा. उद्या पुन्हा डायलिसिस, आणि आज संध्याकाळपासूनच अंगात पाणी साठून मला दम लागू लागेल. जे लिहायचे ते त्याच्या आत.

कलम १. पाच महिन्यांपूर्वी थोरल्या मुलाने एका मृत्युपत्रावर माझी सही घेतली. खाली दुकान, वर दोन खोल्या असे हे घर त्या कागदाने माझ्यामागे त्याचे होते. वर धाकटी मुलगी राहते. मला डायलिसिसला नेते-आणते, माझे करते. मी डोळे मिटताच घर विकायचे त्याने ठरवले आहे आणि डॉक्टरांनी माझ्या हृदयाचा भरवसा धरू नका म्हणून सांगितले आहे. हा कागद टिकला नाही तर पोरगी रस्त्यावर येईल. मला भीती वाटते ती एवढीच.

ती सही झाली तेव्हा सुई निघून तीन तासही झाले नव्हते. मी कपाळावर ओला रुमाल घेऊन पडलो होतो, खोली गरगरत होती. "बाबा, इथं फक्त एक सही करा, मग झोपा," तो म्हणाला. झोपू देईल म्हणून मी केली. परवा जाब विचारला तर म्हणतो, "तेव्हा शुद्धीत नव्हतात, तर आज आहात कशावरून?" मुलगा माझाच, बोलणे बिनतोड.

कलम २. म्हणून वही सोबत जोडली आहे. डायलिसिसनंतर मी पुन्हा माणसात यायला किती तास लागले, ते दर खेपेला टिपले आहे. दोन लिटरच्या आत पाणी काढले तर सहा तास. तीनच्या वर गेले की अकरा. तेच पाणी अर्धा तास जास्त घेऊन सावकाश काढले, तर लवकर उठतो. यंत्रातले द्रावण थोडे गार ठेवले तेव्हा हुडहुडी भरली, पण संध्याकाळी स्वतः चहा केला. आदल्या रात्री झोप नसली किंवा घरात भांडण झाले असले, तर कुठलाच हिशेब लागू पडत नाही. माझ्या तासांवरून दुसऱ्याचे ठरवू नयेत. शेजारच्या खाटेवरचे मास्तर माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, ते दोन तासांत पत्ते पिसतात. मेले जिंकतातही.

सहीच्या त्या दिवशी मला एकोणीस तास लागले. एवढा वेळ एरवी कधीच लागलेला नाही.

कलम ३. याचे खापर मी, डायलिसिसआधी वजन करून किती पाणी काढायचे ते ठरवणाऱ्या तंत्रज्ञ बाईंवर फोडले. "तुमचा काटा खोटा आहे," असे चारचौघांत ओरडलो. त्या म्हणाल्या, "काका, तुम्हीच तपासा." तपासला, काटा चोख होता. सहीच्या त्या दिवशी मी गिऱ्हाइकाकडून परस्पर डायलिसिसला गेलो होतो आणि तपासणीची अर्ध्या-अर्ध्या किलोची दोन पितळी वजने कोटाच्या खिशांत तशीच घेऊन काट्यावर चढलो होतो. चाळीस वर्षे खिशात वागवल्यावर त्यांचे ओझे कळत नाही. त्या किलोमुळे माझ्या अंगातून लिटरभर पाणी जास्त गेले. नाचता येईना अंगण वाकडे! बाईंची मी येथे लेखी माफी मागतो.

कलम ४. पाच महिन्यांपूर्वीचे ते मृत्युपत्र मी रद्द करतो. घर, दुकान आणि जी काही शिल्लक असेल ती धाकटीला. तिने कोणाच्या सांगण्यावरून भावाला वाटा देऊ नये. ती देईल, म्हणून लिहितो. वही कोर्टाचे काम झाल्यावर डायलिसिसच्या खोलीत ठेवावी. मास्तरांना माझी उशी द्यावी, खूप दिवस डोळा आहे त्यांचा.

कलम ५. थोरल्याने हरकत घेतल्यास त्याला एकच प्रश्न विचारावा: त्या दिवशी बाबांची सुई किती वाजता निघाली? यंत्र मध्येच बंद पडले होते, त्यामुळे वेळ नेहमीची नव्हती. खरी वेळ वहीत बाईंच्या अक्षरात आहे. त्याने ती बरोबर सांगितली, तर माझे काय झाले होते हे जाणून त्याने सही घेतली. सांगता आली नाही, तर मी शुद्धीवर होतो हे तो कशाच्या जोरावर म्हणणार? दोन्हीकडून तो कागद पडतो.

हे लिहिताना मला आनंद होत नाही. लहानपणी याच पोराला मी तागडीत बसवून तोलत असे, आणि तो खिदळत असे. त्याला तिसरे उत्तरही देता येईल: "बाबा, चुकलो." ते दिले, तर माझी सगळी हत्यारे त्याची. मग धाकटीने त्याला जेवू घालावे आणि मागचे काही काढू नये.

ठिकाण: राहत्या घराची वरची खोली.
दिनांक: १४, बुधवार. लिहून पूर्ण: दुपारी पाऊण वाजता.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार १: डॉक्टर. आज तपासले. प्रश्नांची उत्तरे नीट दिली; दोनदा मलाच दुरुस्त केले. (सही)

साक्षीदार २: डायलिसिस तंत्रज्ञ. माझ्यासमोर सही केली, हात स्थिर होता. (सही)

थोरल्या मुलाचे उत्तर, त्याच्या स्वतःच्या अक्षरात: ____________