ताट्याची ब लाइन

३ नोव्हेंबर
निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी कारखान्याला माझी आठवण झालीच! जुनी कोअॅक्सियल केबल काढून नवी टाकायचीय, आणि नकाशा एक सांगतो, भिंती दुसरंच. "काका, तुमच्याशिवाय कुणाला कळणार?" — नवी इंजिनीअर. मी लगेच हरभऱ्याच्या झाडावर.

कंट्रोल रूमपासून यंत्रांपर्यंत दोन लाइनी. अ बॉयलरवरून सरळ, ब मागून लांब वळसा घालून. एक गेली तरी दुसरीवर कारखाना चालावा, म्हणून दोघी एका ट्रेमध्ये, म्हणजे केबलच्या पत्र्याच्या पन्हळीत, कधीच नाहीत. अ मी टाकली होती, ब माझ्या मेहुण्याने, बायकोच्या भावाने.

५ नोव्हेंबर
मेहुण्याला सगळे 'ताट्या' म्हणायचे. ही केबल जास्त वाकवली की आतून मरते. म्हणून तो हत्यारांच्या पिशवीत जेवणाचं ताट ठेवायचा आणि प्रत्येक वळण त्याच्या कडेला लावून बघायचा. ताट आमच्याच घरचं! ही वर्षभर शोधत होती.

काय दिवस होते! शिडीवर बसून एकाच डब्यातून जेवायचो. आज त्याची वळणं पाहिली — अजून ताटासारखी गोल.

६ नोव्हेंबर
बॉयलरपाशी गेलो. लिहायचं नव्हतं, पण लिहितो. इथे ट्रे जळला आणि दोन्ही लाइनी एकदम गेल्या. ब-सुद्धा याच ट्रेमध्ये होती! चौकशीत मी सांगितलं, "ब त्याची." ताट्या मान खाली घालून उभा राहिला, अवाक्षर काढलं नाही. नोकरी गेली. त्यानंतर वीस वर्षं आमच्यात बोलणं नाही.

९ नोव्हेंबर
मापं झाली. तीनशे दहा मीटर. गुडघे बोंबलतायत.

१२ नोव्हेंबर
लेकीचा वाढदिवस. हिचा ठरलेला टोमणा — "पोर झाली तेव्हा तुम्ही उगवलात दिवे लागल्यावर! दादा सकाळपासून दवाखान्यात बसून होता माझ्यापाशी." मग हळूच, "त्याला एक फोन कराल?"
चूक त्याची, फोन मी का करू? तसं म्हणालोही. ही उठून आत गेली. केक कुणालाच गेला नाही.

१४ नोव्हेंबर
बॉयलरवरचे जळके तुकडे आज काढले. तेव्हा तसेच ट्रेमध्ये सोडले होते. एका टोकाला पत्र्याचा टॅग शाबूत. पुसला — 'ब १७. १२ नोव्हेंबर.'
अक्षर माझं.
लेक जन्मली तो दिवस. ब-चा उरलेला तुकडा मीच ओढला होता. दवाखाना गाठायची घाई, म्हणून वळसा टाळून अ-शेजारी टाकून मोकळा झालो. विसरलो होतो, की विसरून टाकलं होतं?
ताट्या त्या दिवशी कामावर नव्हताच. एवढं एक वाक्य बोलला असता, तर नोकरी माझी गेली असती.

हिला अजून सांगितलेलं नाही. आधी त्याला. नंबर पाठ आहे.