सरांनी परत केलेली सुकेळी

माणिकपूर, शुक्रवार, जुलै १९७९

डेमॉन्स्ट्रेटरची जागा गेली. एम.एस्सी. करता करता ज्युनियर मुलांची प्रॅक्टिकलं घ्यायची, त्यातून फी सुटली असती. कॉलेजात सरांनी घेतलेली मुलाखतही बरी चालली होती. मग मी बाबांनी दिलेली सुकेळ्यांची पुडी सरांच्या टेबलावर ठेवली. आमच्याकडे कुणाकडे रिकाम्या हाताने जात नाहीत, एवढंच डोक्यात होतं.

"उचला ते. इथे असं चालत नाही," सर म्हणाले. मी लाच देतेय असं वाटलं त्यांना? संध्याकाळी बोर्डावर दुसऱ्याचं नाव लागलं.

ती पुडी आता माझ्या उशीखाली आहे. वाडीतली केळी बाबांनी उन्हाळ्यात स्वतः वाळवली होती. दारातच त्यांनी विचारलं, "सरांना आवडली?"

"आवडली," म्हटलं.

आता ते घरासाठी ठेवलेली सुकेळीही बांधतायत, सोमवारी सरांना न्यायला.