सोळा गेजचा पत्रा

अण्णा, केजच्या डॉक्टरांची जुनी मोटार गेल्या आठवड्यात परत आपल्या गॅरेजात आली. डॉक्टर आता नाहीत, तुम्हाला जाऊनही बरीच वर्षं झाली. गाडी त्यांच्या मुलीने आणली. पुढच्या डाव्या मडगार्डवरचा रंग फुगला होता. मी तो खरवडला आणि खाली तुमचा पत्रा निघाला. सोळा गेज. मोजायची गरज नव्हती, तरी मी मोजला.

तुम्ही उभा जन्म उसाच्या ट्रॉल्या बांधल्या. ट्रॉलीला जाड पत्रा लागतो, कबूल. पण त्या मोटारीचा मूळ पत्रा वीस गेजचा, जेमतेम एक मिलिमीटर. आकडा वाढला की पत्रा पातळ, हे तुम्हीच मला शिकवलेलं. डॉक्टरांनी गंजलेलं मडगार्ड दुरुस्तीला आणलं त्या दिवशी मी त्याची आतली, न गंजलेली कड घासून माप घेतलं आणि वीसचा तुकडा कापून आणला. गोलाईवर ठोकताना पत्रा ताणून पातळ होतो, म्हणून फार तर अठरा घ्या म्हणालो. तुम्ही तो तुकडा डॉक्टरांसमोर दोन बोटांनी वाकवलात.

"ह्यो पत्रा हाय का पापड? लावायचा हाय का तळायचा?"

डॉक्टर हसले. मी तुमचा सव्वीस वर्षांचा, लग्न झालेला मुलगा, मान खाली घालून उभा. तुम्ही ट्रॉलीच्या उरलेल्या पत्र्यातून ठिगळ कापता. ते वळवताना तुमचा घाम निघतोय, गॅसचा जाळ जास्त वेळ धरावा लागतोय, शेजारचा पातळ पत्रा तापून लाटा धरतोय, आणि मी नुसता बघतोय. लाटा तुम्ही पुट्टीने बुजवल्यात.

दोन महिन्यांत मांजरसुंब्याच्या घाटात ठिगळाच्या कडेने जुना पत्रा फाटला. जाड हलत नाही, पातळ हलतो, म्हणून पातळच फाटतो. डॉक्टर गाडी घेऊन आले तेव्हा तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "पोरानं कापलता पत्रा. कच्चा हाय अजून." आणि ती कड पुन्हा तशीच जोडून दिलीत. मला त्या दिवशी तुमचा राग नाही, तुमची किळस आली. त्याच महिन्यात मी पुण्याला गेलो.

तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा परत आलो. सात महिने उशाशी बसलो, कधीतरी एकदा चूक माझी होती म्हणाल म्हणून. तुम्हाला बोलता येत होतं. चहात साखर कमी पडलीय हे सांगता येत होतं.

मी कापून काढलेलं ठिगळ डॉक्टरांच्या मुलीने हातात घेतलं आणि विचारलं, "एवढं जाड कुणी लावलं होतं?" इतकी वर्षं मी याच प्रश्नाची वाट बघत होतो. उत्तर पाठ होतं: अण्णांनी.

"माझंच काम हाय," मी म्हणालो.

पाटीवर अजून तुमचं नाव आहे, गिऱ्हाईक त्या नावावर येतं, म्हणून खोटं बोललो, असं घरी येईपर्यंत मनाशी घोकलं. हा कागद कुणाला दाखवायचा नाही, तेव्हा खरं लिहितो. तिने तुम्हाला अडाणी म्हटलेलं मला ऐकवलं नसतं. आणि त्याचाही मला तुमच्यावरच राग येतो.