प्रयोगशाळेच्या निकालांना सोमवारपूर्वी वेगळी रांग मिळणेबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
सार्वजनिक रुग्णालय.

विषय : संगणकात येणाऱ्या संदेशांपैकी प्रयोगशाळेचे निकाल आधी सोडण्याबाबत.
संदर्भ : अर्जदारास मिळालेली कारणे दाखवा नोटीस.

महोदय,

अर्जदार ही संगणक कक्षात संदेशांची रांग सांभाळते. रक्ताचा निकाल असो की हातमोज्यांची नोंद, सगळे संदेश एकाच रांगेतून आत येतात. आधी आलेला आधी जातो. गेल्या सोमवारी भर दुपारी भांडार विभागाने वर्षाच्या साठ्याची मोजदाद एकदम सोडली. एकेका वस्तूचा एकेक संदेश. रांग तुंबली.

तेवढ्यात प्रसूती कक्षातल्या सिस्टरांचा फोन आला. "अहो ताई, बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नाहीये. लॅब म्हणते निकाल पाठवला, रक्तपेढी म्हणते पोचलाच नाही. या दोघांच्या मध्ये बाई जाईल हो!" तोंडी निकालावर रक्ताची पिशवी देऊ नये हा नियम योग्यच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. निकाल हातमोज्यांच्या मागे उभा होता, ही तक्रार आहे.

अर्जदाराने बैठकीत असलेल्या कक्षप्रमुखांना फोन केला. "रांग आपोआप सरकते, हात लावू नका," एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला. रांग सरकत होती, मुंगीच्या पावलांनी. पुन्हा फोन वाजला, प्रसूती कक्षातूनच. नुसती धावपळ ऐकू येत होती. शेवटी अर्जदाराने प्रयोगशाळेचे सोडून बाकी सगळे संदेश बाजूला वळवले.

निकाल पोचला, रक्त चढले, बाळंतीण वाचली. वळवलेले संदेशही नंतर सोडले; एकही गहाळ नाही. परंतु त्यांत दुपारपाळीची हजेरी अडकून उशिरा पोचल्याने आपल्यासह सर्वजण गैरहजर लागले. अर्जदारसुद्धा. ती कामावर नव्हती असे यंत्रणा म्हणते आणि त्याच दिवशी तिने केलेल्या कामाबद्दल तिला नोटीस आहे. खुलासा हजर म्हणून द्यावा की गैरहजर म्हणून, हे कृपया कळवावे.

ते असो. अर्जदाराचा पासवर्ड काढून घेतला आहे, रांग पूर्ववत केली आहे आणि येत्या सोमवारी भांडार उरलेली मोजदाद सोडणार आहे. हीच विनंती अर्जदाराने संगणकावरूनही पाठवली होती. ती अजून रांगेत आहे. म्हणून हा कागद.

शिक्षेचे काय ते सवडीने ठरवावे. निकालांची रांग मात्र आज वेगळी करावी. ते जमत नसेल तर सोमवारी त्या पडद्यासमोर कोणालाही बसवावे, पण हात लावायची परवानगी देऊन बसवावे.

आपल्या दाराबाहेरच्या बाकावर उत्तरासाठी थांबलेली,
कर्मचारी, संदेश विभाग
शुक्रवार

सोबत : नोटिशीची प्रत, सिस्टरांचे पत्र.

अधीक्षकांचा शेरा : रांग आजच वेगळी करा. पासवर्ड परत द्या. चौकशी चालू राहील. सोमवारी अर्जदाराने रजा घेऊ नये.