चहात बुडवलेले सोल्डरिंग आयर्न आणि खिडकीजवळच्या खाटेची घंटा

प्रति,
मा. अधीक्षक,
सार्वजनिक रुग्णालय.

विषय : सोल्डरिंग आयर्न भांडारात जमा करण्याच्या सक्तीतून सूट मिळणेबाबत व स्त्री-वॉर्डातील एका घंटेची तार माझ्या टेबलापर्यंत आणू देण्याबाबत.

संदर्भ : याच विषयावरील माझे मागील अर्ज. पोच मिळाली, उत्तर नाही.

महोदय,

१. मी आपल्या रुग्णालयाच्या दुरुस्ती कक्षात तंत्रज्ञ म्हणून काम करते. कक्ष धुलाईखोलीच्या मागे आहे, आपण तिकडे आला नसाल म्हणून सांगितले. तुटलेल्या तारा कथील वितळवून जोडण्यासाठी माझ्याकडे एकच सोल्डरिंग आयर्न आहे, एप्रनच्या खिशात मावेल एवढे. भांडाराच्या नोंदीत ते 'पोर्टेबल' आहे, आणि जे पोर्टेबल ते संध्याकाळी भांडारात जमा, असा इथला शिरस्ता. टेबलाला ठोकलेली वस्तू टेबलावर राहते. उचलता येणारी वस्तू मात्र मग ज्याला वाटेल तो उचलतो.

२. स्त्री-वॉर्डातील खिडकीजवळच्या खाटेची घंटा बंद पडली. तार जोडावरून सुटली होती, कथलाच्या एका थेंबाचे काम. आयर्न लावले, वाट पाहिली, ओल्या स्पंजला टेकवले. चुर्रही झाले नाही. सॉकेट दिवा लावून पाहिले, ठीक. प्लग उघडला, ठीक. मीटर लावून मुठीजवळची केबल वाकवली तेव्हा काटा हलला आणि पुन्हा पडला. म्हणजे केबल मुठीत शिरते तिथेच आतून तुटलेली. तुटणारच. भांडारपाल (ज्यांना आपल्यासकट सगळे 'कडीकुलूप' म्हणतात) ते केबलला धरून खिळ्यावर टांगतात.

३. हे मी त्यांना नीट समजावून सांगितले आणि संध्याकाळ झाली म्हणून आयर्न जमा केले. सकाळी ते चकचकीत होऊन परत आले. टोक काळे पडले म्हणून चालत नसेल, असे ठरवून कडीकुलुपांनी ते कानशीने घासले, वर पॉलिशपेपर मारला! रोग रेड्याला आणि औषध पखालीला. महोदय, त्या टोकावर लोखंडाचा पातळ मुलामा असतो, त्यालाच कथील धरते. तो गेला की थेंब नुसता घरंगळतो. केबलला कोणी हातही लावला नव्हता.

४. मी केबलचा तुटका भाग कापला, उरलेली मुठीत पुन्हा जोडली. आयर्न तापले. आणि मग वास आला. मुठीच्या तोंडाशी, जिथे कानस पोचली नव्हती, तिथे थर होता. करपलेली साखर, वितळलेले प्लॅस्टिक, जळके चामडे. शी! मी शस्त्रक्रियागृहाचा सक्शन पंप उघडून साफ केला आहे, मोरीत हात घातला आहे, मला कधी नाक धरावे लागले नाही. त्या दिवशी धरले.

५. चौकशीत निष्पन्न झाले ते असे. आयर्न भांडारात गेले की हिशेबनीस त्याने पट्ट्याला भोके पाडतात. खाऊच्या पिशव्या त्याने चिकटवल्या जातात. गार झालेला चहा त्याचे टोक बुडवून गरम केला जातो. आणि भांडाराच्या शिपायाने त्याच टोकाने आपल्या तळपायाचे कुरूप जाळले. आधी चहा की आधी कुरूप, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. आपल्या दालनात येणारा दुपारचा चहा भांडारातूनच येतो, हे केवळ माहितीस्तव.

६. आता मुख्य बाब. खिडकीजवळच्या खाटेवर माझ्या सासूबाई आहेत. उजवी बाजू लुळी पडली आहे, आवाज उशीपलीकडे जात नाही. डाव्या बोटाने बटण दाबणे तेवढे जमते. वॉर्डात घंटा त्या एकाच खाटेला, ती बंद म्हणून सिस्टरांनी सगळ्यांना ताट-चमचे वाटले. हाक मारायची तर ताट बडवायचे. सासूबाईंना चमचाही धरवत नाही. परवा त्या ओल्या चादरीवर सकाळपासून जेवणाच्या वेळेपर्यंत पडून होत्या, आणि वर बोलणीही त्यांनीच खाल्ली. माझे व त्यांचे आयुष्यात कधी पटले नाही. माझ्या भाजीत मीठ नसते आणि माझ्या जिभेला हाड नसते, असे त्या येईल-जाईल त्याला सांगत आल्या. पण त्या दिवशी त्यांनी माझ्यापासून तोंड फिरवून भिंतीकडे पाहिले. ते मला बघवले नाही. मला या इमारतीचा वीट आला आहे, महोदय.

७. नवे टोक मागितले तर अर्ज करा म्हणाले. मी जाड तांब्याच्या तारेचा तुकडा तासून टोक केले, त्यावर कथील चढवले, घंटा जोडली. हे विनापरवाना आहे, कबूल. घंटा खणखणीत वाजली. कोणीही आले नाही. पुन्हा वाजवली. वॉर्डातल्या मावशी दारातच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, अहो, आम्हाला वाटलं तुम्हीच तपासताय, आम्ही आता ताटालाच उठतो.

८. सबब विनंती की, आयर्न माझ्या खणात माझ्याच किल्लीखाली राहू द्यावे, आणि त्या घंटेची एक तार माझ्या टेबलापर्यंत आणू द्यावी. कोणी उठले नाही तर मी जाईन. चादर बदलणे तंत्रज्ञाच्या कामात बसत नाही, हे मला सांगण्याची तसदी घेऊ नये.

९. खोटे कशाला बोलू, तार कालच ओढली आहे. हा अर्ज लिहिताना मधे दोनदा उठावे लागले म्हणून अक्षर एकसारखे नाही. पहिल्यांदा सासूबाईंना पाणी हवे होते. दुसऱ्यांदा त्यांना काहीच नको होते. पलीकडच्या खाटेवरच्या आजींना उलटी होत होती, त्यांचे ताट खाली पडले होते, म्हणून सासूबाईंनी त्यांच्यासाठी बटण दाबले. मी पोचले तेव्हा मावशी दारातच होत्या. परत निघाले तर सासूबाई बोटाने दाखवू लागल्या, तिसऱ्या खाटेकडे, मग कोपऱ्यातल्या. परवानगी एका घंटेची मागितली आहे. आता वाजेल ती कोणाची असेल, ते मला गेल्याशिवाय कळणार नाही.

वाजली. जाते.

आपल्या सेवेत असलेली, पण विटलेली,
तंत्रज्ञ, दुरुस्ती कक्ष
(सही परत आल्यावर)

दिनांक : अर्ज आपल्यासमोर येईल तो.